मुकादम आणि चार टनांची मोटर

जड यंत्रं जागेवरून हलवणाऱ्या माणसांना आमच्या धंद्यात खलाशी म्हणतात. समुद्राशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. कारखान्यात नवं यंत्र आलं, जुना बॉयलर काढायचा असला, छपाईचं मशीन दुसऱ्या मजल्यावर चढवायचं असलं, की खलाशांची टोळी बोलवायची. चार पहारी, लोखंडी पाइपांचे काही तुकडे, तारेचे दोर, साखळीची पुली आणि सात-आठ माणसं, एवढ्या भांडवलावर ते हत्ती हलवतात. टोळीच्या म्होरक्याला मुकादम म्हणायचं. मी ज्यांच्याबद्दल सांगतेय त्यांना सगळं जग मुकादमच म्हणायचं. फक्त त्यांची बायको 'अहो' म्हणायची.

माझी-त्यांची गाठ पडली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि पाणीपुरवठा खात्यात ज्युनियर इंजिनीअर होते. परीक्षेत पहिली आले होते, आणि ते विसरायला मला अजून वेळ मिळाला नव्हता. आमच्या पंपघरातली मुख्य मोटर जळली. निम्म्या शहराचं पाणी त्या एका मोटरवर. टँकर सुरू झाले, लोक बादल्या घेऊन रांगेत उभे राहू लागले, आणि माझे वरिष्ठ, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, त्यांचा फोन दिवसभर वाजू लागला. नवव्या दिवशी नवी मोटर आली. वजन चार टन. मोटरची जागा पंपघराच्या तळाशी, दहा मीटर खोल. पंपघर म्हणजे एक मोठी गोल कोरडी विहीरच. तळाशी पंप, वर छताला एक तुळई. त्या तुळईला साखळीची पुली टांगायची, मोटर उचलायची, कमरेएवढ्या कठड्यावरून पलीकडे न्यायची आणि हळूहळू खाली सोडायची.

हे सगळं कसं करायचं याचा नकाशा मी काढला होता. खाली माझी सही होती.

अडचण एकच होती. छत ठेंगणं होतं. मोटर कठड्यावरून पलीकडे न्यायची तर पुलीचा हूक आणि मोटर यांच्यामध्ये फार अंतर ठेवता येत नव्हतं, जेमतेम दोन विती. मोटरला दोन टोकांना उचलायच्या दोन कड्या होत्या, एकमेकींपासून दोन मीटरवर. म्हणून मी दोर आखूड घेतले. मधे हूक, हुकापासून दोन्हीकडे जवळजवळ आडवे गेलेले दोर, टोकांना कड्या. मी हिशेब केला होता: चार टन वजन, दोन दोर, म्हणजे एकेकावर दोन टन. माझे दोर तीन टनांचे. भरपूर झालं.

सकाळी आठला मुकादम टोळी घेऊन आले. पन्नाशीच्या आसपासचा किरकोळ माणूस. एवढी वजनं हलवणारा म्हणून मी कुणीतरी आडदांड गृहीत धरला होता. हातात ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेला पितळी लोळा, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तो. त्यांच्यामागे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत, एक पाय ओढत आले. त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलं गेलं आणि ते कठड्याजवळ ऐसपैस बसले.

"हे कोण?" मी विचारलं.

"माझा थोरला भाऊ," मुकादम म्हणाले. "याचं काम 'थांबा' म्हणायचं. आम्ही ओढत असतो तेव्हा आमचं लक्ष हातात असतं. याचं लक्ष वजनात असतं. हा 'थांबा' म्हणाला की सगळे हात सोडून नाही, धरून थांबतात."

टोळीत त्यांना 'थांबादादा' म्हणायचे. बसस्टॉपला आणि यांना एकच नाव, असा टोळीतला जुना विनोद होता.

मुकादमांनी माझा नकाशा घेतला. चष्मा लावला. बराच वेळ बघितला. मग मोटरभोवती दोन फेऱ्या मारल्या, कड्यांना अंगठ्याने चाचपलं, वर तुळईकडे बघितलं. मला राग यायला लागला. शेवटी मी म्हणाले, "मुकादम, सुरू करू या का? शहर पाण्यावाचून बसलंय."

"करू या की. मॅडम, त्याआधी एक बादली उचलून बघायची का?"

"बादली?"

"पाण्याची. पाचच मिनिटं."

टोळीतली माणसं एकमेकांकडे बघून गालात हसली. त्यांनी हे आधी पाहिलेलं असणार. कुणीतरी भरलेली बादली आणली. मुकादमांनी तीन-चार मीटरची सुती दोरी तिच्या कडीतून ओवली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं पैलवानाच्या. पैलवान हे टोळीतल्या सगळ्यात दांडग्या माणसाचं टोपणनाव. मान नाही, सरळ खांद्यावर डोकं.

"जवळ या दोघं," मुकादम म्हणाले. आम्ही जवळ आलो. दोरी उभी लोंबत होती, बादली मधे. मला निम्मं ओझं जाणवलं, काही विशेष नाही.

"आता मागे सरका."

एकेक पाऊल मागे गेलो. दोरी पसरली. ओझं वाढलं.

"अजून मागे. बादली वर आली पाहिजे. दोरी सरळ करा, पट्टीसारखी."

मी दोन्ही हातांनी ओढलं. टाचा रोवल्या. दोरी तळव्यात रुतली. समोर पैलवानाचा चेहरा लाल झाला होता, दंड थरथरत होते. बादली तीच, पाणी तेवढंच, आणि ती आम्हा दोघांना ओढून घेत होती. दोरीला मधे थोडा झोळ होताच, तो काही केल्या जाईना.

"सरळ होत नाही," पैलवान धापा टाकत म्हणाला.

"होणारच नाही," मुकादम म्हणाले. "अजून दोन पैलवान लावले तरी नाही. ठेवा खाली."

मी बादली ठेवली. तोवर मला कळलं होतं. हे मी शिकले होते. बलांचा त्रिकोण, पेपरात त्याला पैकीच्या पैकी मिळाले होते. दोर जितका आडवा, तितकं त्याच्या ओढीतलं कमी बळ वर उचलायच्या कामी येतं. बाकीचं दोन दोर एकमेकांना ओढण्यात जातं. म्हणून तेवढंच वजन उचलायला ओढ कितीतरी पट वाढवावी लागते. मी वही काढली. दोन विती उंची, मीटरभर आडवं अंतर. एकेका दोरावर दोन टन नाही, जवळजवळ पाच टन येणार होते.

"आणि दोर कदाचित टिकतीलही," मुकादम हलक्या आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले. "दोर बनवणारे हात राखून बनवतात. पण या कड्या बघा. या सरळ वर ओढण्यासाठी केल्यात. आडव्या ओढल्या तर मानेतून मुरगळतील. आणि मोटर कठड्यावर असताना मुरगळल्या, तर खाली पंपाजवळ आपली दोन माणसं उभी असतील."

माझी सही त्या कागदावर होती.

तेवढ्यात मोठे साहेब आत आले. "काय झालं? अजून उचललं नाही?"

मुकादम माझ्याआधी बोलले. "साहेब, मॅडमनी काम थांबवलंय. दोर फार आडवे जातायत म्हणाल्या. गर्डर लावून उचलायचं ठरतंय. एक दिवस जाईल."

मोठे साहेब वैतागले, पण माझ्याकडे बघून म्हणाले, "ठीक आहे. घाईत चूक नको." आणि गेले.

मुकादमांनी त्या दिवशी मला जे दिलं त्याचं नाव मला आजही सापडलेलं नाही. चूक दाखवणारे आयुष्यात पुष्कळ भेटले. ती दाखवून वर झाकणारा, आणि झाकताना मला ती पुरती बघायला लावणारा, हाच एक.

(मोठ्या साहेबांना खरं काय ते मी त्याच आठवड्यात सांगितलं. ते म्हणाले, "मला माहीत होतं. तू त्या वेळी पांढरीफटक पडली होतीस. पण मुकादम सांगतात ते ऐकायचं, हे मी पण असंच शिकलोय." कशावरून शिकले, ते काही त्यांनी सांगितलं नाही.)

गर्डरची कल्पना मुकादमांची होती. दोर आडवे नकोत ना? मग हुकाला आधी एक आडवा गर्डर टांगायचा, मधोमध. आणि गर्डरच्या दोन टोकांना दोन कड्या सरळ उभ्या अडकवायच्या. मग मोटरच्या कड्यांना फक्त वर ओढ. "पण मॅडम," ते म्हणाले, "आता सगळा ताण गर्डरच्या पोटात येणार. दोराचं मला कळतं. गर्डर किती वाकेल ते मला डोळ्याने सांगता येत नाही, वाकल्यावरच कळतं. ते तुमचं काम."

मग मी जमिनीवर बसकण मारली आणि हिशेब केला. भंगारात वीतभर उंचीचा जुना गर्डर सापडला. दोन मीटर लांब, मधे आधार, टोकांना दोन-दोन टन. हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं: पेलेल, निम्म्याहून अधिक ताकद राखून पेलेल. मुकादमांनी उत्तर ऐकलं, मान हलवली, आणि विचारलं, "गर्डर उभा ठेवला तर. आडवा झोपवला तर?" मी तोही हिशेब केला. आडवा झोपवला तर तोच गर्डर, तेच लोखंड, आणि चक्क वाकून गेला असता. मुकादम एकदम खूश झाले. "मला वाटतच होतं. फळी नेहमी उभी धरावी. पण का, ते आज कागदावर बघितलं."

वेल्डरने संध्याकाळपर्यंत कड्या लावून दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा उभे राहिलो.

मोटर आधी बोटभर उचलली. फक्त बोटभर. सगळे थांबले. मुकादमांनी हुकाशी ओळंबा धरला आणि लोळा मोटरवर कुठे येतो ते बघितलं. मोटरचं शाफ्टकडचं टोक जड होतं, त्यामुळे ती किंचित नाक खाली करून लोंबत होती. "तोल इथे नाही, इथे आहे," ते मोटरच्या अंगावर खडूने फुली मारत म्हणाले. पुस्तकात याला गुरुत्वमध्य म्हणतात. "हूक नेहमी तोलाच्या डोक्यावर पाहिजे. नसला तर वजन स्वतःच सरकून त्याच्याखाली जातं, आणि ते सरकेल तेव्हा आपण मधे नसावं." मोटर खाली ठेवली, हुकाची जागा गर्डरवर चार बोटं सरकवली, पुन्हा बोटभर उचलली. आता ती पाण्याच्या पातळीसारखी सपाट राहिली.

साखळी ओढायला एक माणूस पुरत होता. मी हे पुस्तकात वाचलं होतं, तरी डोळ्यांसमोर एक माणूस चार टन उचलतोय हे बघून मला हसू आलं. मुकादम म्हणाले, "हसू नका, त्याला विचारा. शंभर हात साखळी ओढेल तेव्हा मोटर एक हात वर जाईल. पुली बळ देत नाही हो. ती फक्त मोठं ओझं लहान लहान घासांत वाटून देते. घास तेवढेच गिळायला लागतात."

मोटर कठडा ओलांडून खाली उतरायला लागली. निम्म्यावर आली असेल तेव्हा स्टुलावरून आवाज आला, "थांबा!"

आवाज मोठा नव्हता. पण सगळे हात जिथल्या तिथे गोठले. मला काहीच दिसत नव्हतं. थांबादादांनी काठीने खाली दाखवलं. मोटर उतरताना अगदी सावकाश, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी, स्वतःभोवती फिरत होती. तिच्या कुशीवरची तारांची पेटी भिंतीतल्या लोखंडी शिडीच्या दिशेने चालली होती. अजून वीतभर खाली गेली असती तर पेटी शिडीवर टेकली असती, आणि चार टनांनी ती चिरडली असती. पैलवानाने खालून मोटरच्या कोपऱ्याला बांधलेला दोर ओढला. चार टन वजन एका हाताने फिरलं, कारण टांगलेलं वजन उचलायला जड असलं तरी वळवायला हलकं असतं.

मग पुलीचा ब्रेक तापला म्हणून विश्रांती घेतली. मुकादमांनी मला पुलीजवळ नेलं. "हात लावा. हळूच."

लोखंड चांगलं गरम होतं.

"ही ऊब कुठून आली, सांगा."

"घर्षणातून."

"ते झालं. पण घर्षणाला कुणी दिली? मोटर पाच मीटर खाली आली ना. तिच्याकडे पाच मीटरची उंची होती, ती कुठेतरी जायलाच पाहिजे. ती इथे आली. ही मोटरची उंचीच आहे, तुमच्या हाताला लागतेय ती."

ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते, हे वाक्य मी शाळेपासून शेकडो वेळा लिहिलं होतं. त्याला पहिल्यांदा हात लागला तो त्या दुपारी. मी विचारलं, "मुकादम, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

ब्रेक थंड होईपर्यंत चहा आला, आणि त्यांनी सांगितलं.

एकोणीस वर्षांचे असताना ते आणि थोरला भाऊ एका कारखान्यात हमाली करायचे. एके दिवशी उंच, निमुळतं एक ड्रिलिंग मशीन पाइपांवरून सरकवत नेत होते. जमीन थोडी उतरती. मशीन अडकलं. यांनी जोर लावून वर, माथ्याजवळ ढकललं. मशीन कललं आणि थोरल्याच्या पायावर पडलं. सगळे म्हणाले, नशीब. आई म्हणाली, नशीब. डॉक्टरसुद्धा म्हणाले, नशिबाने पाय वाचला. "पण ढकललं मी होतं," मुकादम म्हणाले. "मला कुणी सांगेना की माझी चूक झाली का. नाही झाली असंही सांगेना. मी वेड्यासारखं एकेकाला विचारायचो, ते पडलं का? लोक टाळायला लागले."

त्या कारखान्यात नकाशे काढणाऱ्या एक बाई होत्या. कडक, एकट्या जेवायच्या. त्यांनाही यांनी विचारलं. बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि टेबलावर एक उभा लाकडी ठोकळा ठेवला. म्हणाल्या, खालून ढकल. ठोकळा सरकला. म्हणाल्या, आता वरून ढकल. ठोकळा आडवा झाला. मग त्यांनी ठोकळ्याच्या बरोबर मध्याला खिळा मारून दोरा टांगला, दोऱ्याला नट बांधला, आणि ठोकळा कलता करत दाखवलं: दोरा बुडाच्या आत आहे तोवर सोडला की ठोकळा परत उभा राहतो, दोरा बुडाबाहेर गेला की पडतो. उतारावर ठेवला तर दोरा आधीच काठाजवळ असतो.

"त्या म्हणाल्या, 'तू वरून ढकललंस म्हणून पडलं. उतार होता म्हणून लवकर पडलं. पण हे तुला कुणी शिकवलं होतं का? नाही. मग उद्या जेवणाच्या सुट्टीत ये, शिकवते.' सहा आठवडे शिकवलं त्यांनी. पहार, पुली, दोर, सगळं. कागद, ठोकळे आणि डब्यातले चमचे घेऊन."

"आणि मग?"

"मग घरी जाऊन याला सांगितलं," त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं. "म्हटलं दादा, नशीब नव्हतं. मी वरून ढकललं म्हणून पडलं."

थांबादादा चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मी म्हटलं, गाढवा, 'वरून ढकल' असं ओरडलं कोण होतं? मीच ना!"

दोघेही भाऊ हसले. इतकी वर्षं ते त्यावर हसत असणार, आणि तरीही ते हसू जुनं झालेलं नव्हतं.

मोटर चार वाजता तळाला टेकली. जीव भांड्यात पडला. पुढचे दोन दिवस जोडणीत गेले, आणि तिसऱ्या दिवशी वायरमनने बटण दाबलं तेव्हा मोटर उलटी फिरली. मी घाबरले, वायरमन जांभई देत म्हणाला, "तीनपैकी दोन तारा आपसात बदलायच्या." बदलल्या. सुलटी फिरली. तासाभरात पाणी वर चढलं.

मुकादम मुद्दाम बघायला आले होते. त्यांना विजेचं मात्र वावडं होतं. "जे डोळ्याला दिसत नाही त्याच्याशी आपली दोस्ती नाही," असं म्हणून ते केबलपासून चार हात लांब उभे राहायचे. पण त्या दिवशी त्यांना राहवेना. "मॅडम, मधला भाग कशालाच चिकटलेला नाही. त्याला एकही तार जात नाही. मग तो फिरवतो कोण?"

मला आनंद झाला. माझ्याकडे त्यांना देण्यासारखं काहीतरी होतं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीला टेकवून ठेवलेल्या पहारी, कोपऱ्यात थांबादादांची खाट. वहिनींकडून, म्हणजे मुकादमांच्या पत्नीकडून, मी पसरट घमेलं आणि अॅल्युमिनियमचं एक पातळ झाकण मागून घेतलं. घमेल्यात पाणी भरून झाकण त्यावर तरंगत ठेवलं. जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक मी दोऱ्याला बांधून आणलं होतं.

"चुंबक झाकणाला चिकटतं का बघा."

मुकादमांनी लावून बघितलं. "नाही चिकटत. अॅल्युमिनियम आहे."

मी दोऱ्याला भरपूर पीळ दिला आणि चुंबक झाकणाच्या अगदी वर, न टेकवता, धरून सोडलं. पीळ उलगडायला लागला, चुंबक गरागरा फिरायला लागलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग झाकण हललं. मग सावकाश, चुंबकाच्या मागोमाग, तेही फिरू लागलं.

थांबादादा खाटेवर उठून बसले.

"शिवत नाही," मुकादम म्हणाले. त्यांनी चुंबक आणि झाकण यांच्यामधून पोस्टकार्ड फिरवून बघितलं. "चिकटत नाही, शिवत नाही, आणि ओढतंय!"

मी सांगितलं: चुंबक फिरलं की त्याच्या फिरण्याने झाकणातच वीज जागी होते, आणि ती वीज झाकणाला छोटंसं चुंबक बनवते, मग ते त्या पळणाऱ्या चुंबकामागे धावतं. मोटरमध्ये खरं चुंबक फिरत नाही. तीन तारांमधून वीज एकीमागून एक अशी पाळीपाळीने येते, त्यामुळे न फिरताच फिरल्यासारखं होतं, आणि मधला भाग त्याच्यामागे धावत राहतो. दोन तारांची पाळी बदलली की उलटा धावतो.

"म्हणजे तो कधीच गाठत नाही?"

"गाठलं तर ओढच संपेल. थोडा मागे राहतो म्हणूनच फिरतो."

हे त्यांना फारच आवडलं. पंधरा-वीस वेळा त्यांनी दोऱ्याला पीळ दिला असेल. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, झालं असेल तर माझं झाकण द्या. पातेलं उघडं पडलंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता आठवडाभर येईल-जाईल त्याला झाकण फिरवून दाखवतील बघा." मी चुंबक त्यांच्याकडेच ठेवून आले.

त्यानंतर बावीस वर्षं मुकादम आमच्या खात्याची जड कामं करत राहिले. मी वर चढत गेले, मोठ्या साहेबांच्या खुर्चीत बसले, आणि एक नियम केला की उचलायचं काम असेल तर नकाशावर इंजिनीअरच्या सहीखाली मुकादमाची सही हवी. पहिल्यांदा वरून विचारणा आली की हा काय प्रकार आहे. मी बादली आणि दोरी घेऊनच गेले. पुन्हा विचारणा आली नाही.

नकाशे काढणाऱ्या त्या बाईंचा पत्ता मला अगदी अवचित लागला. आमच्या एका निवृत्त ड्राफ्ट्समनने त्यांच्या हाताखाली काम केलं होतं. बाई नव्वदीला आल्या होत्या, भाचीकडे राहत होत्या. मी दोघा भावांना गाडीत घालून घेऊन गेले. वाटेत मुकादमांनी तीनदा विचारलं, "रिकाम्या हाताने कसं जायचं?" आणि तीनदा थांबादादा म्हणाले, "हात दोन्ही शाबूत घेऊन चाललायस, ते दाखव."

बाई खिडकीशी बसल्या होत्या. ऐकू नीट येत होतं, दिसत कमी होतं. मुकादमांनी सगळं सांगितलं: कारखाना, ड्रिलिंग मशीन, ठोकळा, नट.

बाईंनी डोकं हलवलं. "नाही हो आठवत," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत मी किती जणांना पिडलंय! तुम्ही त्यातले कुठले?"

मला वाईट वाटलं, पण मुकादमांना वाटलं नाही. "तुम्ही नका आठवू. मला आठवतंय, तेवढं पुरे. तुम्ही शिकवलंत, रुंद बूड असलं की वस्तू पडत नाही. त्याच्यावर मी पन्नास वर्षं..."

"चूक!" बाई ताठ बसल्या. "असं मी शिकवणं शक्य नाही. रुंद बूडसुद्धा उतारावर पडेल. दोरा कुठे पडतो ते बघायचं. रुंदी नुसती दोऱ्याला जागा देते. काय म्हणाले मी?"

"दोरा कुठे पडतो ते बघायचं," मुकादम शाळकरी आवाजात म्हणाले.

"हं."

मुकादम माझ्याकडे वळले. डोळे भरले होते आणि तोंडभर हसू. "बघितलंत? अजून रागावतात."

थांबादादांनी काठी सरसावली. "बाई, हा माझा भाऊ त्या अपघातानंतर झोपेत ओरडायचा. तुमच्याकडे यायला लागल्यावर झोपला. मी तेव्हापासून म्हणत होतो, एकदा त्या बाईंना सांगायला पाहिजे. म्हणून आलो."

बाईंनी हात पुढे केला. तो मुकादमांनी दोन्ही हातांत घेतला. बाईंनी त्यांची बोटं एकेक करून चाचपली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आधी एका हाताची, मग दुसऱ्याची. "दहा," त्या म्हणाल्या. "या कामात एवढी वर्षं, आणि दहाच्या दहा. छान."

पुढच्याच वर्षी बाई गेल्या, आणि काही वर्षांनी थांबादादाही गेले, झोपेत, शांतपणे. मुकादम आता मुलीकडे असतात. गुडघे कुरकुरतात, पण घराजवळ नदीवर पूल होतोय तिथे रोज सकाळी जाऊन उभे राहतात. परवा त्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, तरी घेतला.

"मॅडम, आज गर्डर ठेवला पुलाचा. दोन क्रेन लावल्या होत्या. साठ टन तरी असेल."

"मग? काही गडबड झाली का?"

"छे हो. आधी बोटभर उचलला, थांबले, बघितलं, मग वर नेला. एक बाई हिरवी टोपी घालून हात दाखवत होत्या. कोण आहेत ठाऊक नाही. पण काय सुरेख ठेवला म्हणून सांगू! कापसासारखा ठेवला. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, म्हणून तुम्हाला केला फोन."